हाताची घडी

धुळे
१७ जून २०२४

प्रिय बेबाअक्का,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून हसली असशील. मोबाईल हातात असताना ही बाई पोस्टात कशाला गेली? कारण तूच आहेस. मोबाईलवर मी दहा ओळी लिहिते आणि तू एक अंगठा पाठवतेस. पत्राला अंगठा पाठवता येत नाही, लिहावं लागतं. शिवाय वसतिगृहातून दर रविवारी मी तुला पत्र टाकायचे आणि तू मायला वाचून दाखवायचीस, ती सवय अजून हाताला आहे. मराठीत चुका सापडतील, त्या काढत बसू नकोस. मराठी माझी दुसरी भाषा आहे. पहिली हातात आहे.

साक्षीला तुझ्याकडे सोडून निघालो तेव्हा बसमध्ये आकाश बोलला नाही. म्हणजे त्याने मांडीवरचे हात उचललेच नाहीत. पारोळा मागे पडल्यावर एवढंच विचारलं, आपण बरोबर केलं ना? मी म्हटलं, एक वर्ष.

तुम्ही सगळे म्हणालात म्हणून केलं. पोरगी तीन वर्षांची झाली, कान चांगले आहेत, तरी तोंडाने बोलत नाही, सगळं हाताने सांगते. मायचं तर दर वेळी तेच, सगळ्या गावाच्या नावाने, "बठ्ठं गाव इचारस, पोर बोलस का नही?" तिचे ओठ बघून बघून मला ते पाठ झालंय. डॉक्टर म्हणाले, बोलणाऱ्या माणसांत ठेवा. आम्ही नवराबायको दोघंही बहिरे, घरात बोलणारं माणूस कुठून आणू? म्हणून तुझं घर. पुढच्या जूनपर्यंत, हे मी इथे लिहून ठेवते आहे.

आता तिचं ऐक. पाणी हवं असलं की अंगठा ओठाला लावते. पोट दुखलं की मूठ पोटावर फिरवते. नावाने हाक मारलीस तर वळेल, पण समोर बसून बोल, चेहरा दिसल्याशिवाय तिला बोललेलं खरं वाटत नाही. आमच्यातलं तिचं नाव म्हणजे डाव्या गालावर तीळ आहे ना, तिथे बोट टेकवायचं. हे नाव आम्ही आईबापांनी ठेवलेलं नाही. आमच्यात नाव चारचौघांत ठरतं. कुणीतरी माणसातलं काहीतरी हेरतं, खूण करतं, आणि बाकीच्यांनी मान हलवली की ते नाव पक्कं. साक्षीचं शकीलभाईंनी ठेवलं. शकीलभाई म्हणजे आमच्या बहिऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष, गॅरेज आहे त्यांचं, बॉनेटवर हात ठेवून गाडीचा आजार सांगतात.

तुझंही नाव साक्षीला येतं. खांद्यावरची वेणी मुठीत धरून खाली ओढायची. असोद्याला केळीच्या बागेत मी तुझी वेणी धरून चालायचे, तेव्हाचं ते नाव. मी चार वर्षांची होते. आयुष्यात मी ठेवलेलं ते पहिलं नाव. तू केस कापलेस तरी आमच्यात तू वेणीच आहेस.

आणि एक. झोपताना तिच्या पायाला मऊ नाडी बांधून दुसरं टोक मी माझ्या मनगटाला बांधायचे. ती हलली की मला जाग यायची. तुला कान आहेत, तुला नाडी लागणार नाही. पण ती पाय पुढे करेल, तेव्हा तिला नीट समजाव.

रविवारी चार वाजता व्हिडिओ कॉल. विसरू नकोस.

तुझी,
शिल्पा

पिंप्राळा, जळगाव
२१ जुलै २०२४

चि. शिल्पास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र मिळालं. पोस्टमन घर विचारत विचारत आला, गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, काय हो, सरकारी काही आलं का. तुझे भाऊजी म्हणाले, आता बस लिहीत. घे, बसले बाई.

साक्षी मजेत आहे. पहिले पंधरा दिवस तोंड उघडलं नाही, मग एक दिवस स्वयंपाकघरात येऊन "पाणी" म्हणाली. माझ्या हातातलं लाटणंच खाली पडलं. आता दिवसभर टकळी चालू असते. कॉलनीतल्याच बालवाडीत घातलंय. भाऊजी कंपनीतून येताना रोज तिच्यासाठी काहीतरी आणतात. वीस वर्षांत या घराच्या दोरीवर पहिल्यांदा लहान कपडे वाळताहेत, शिल्पा. येणारीजाणारी प्रत्येक बाई त्याकडे बघून जाते.

तुझी आठवण काढते, पण रडत नाही. काळजी करू नकोस.

दोन रविवार कॉल लागला नाही म्हणून रागावू नकोस. एकदा रेंज नव्हती, एकदा ती झोपली होती. खरं सांगू का, तुझ्याशी कॉल झाला की पुढचे दोन दिवस ती परत हातवारे करायला लागते आणि तोंड मिटून घेते. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, मुलाला एका वेळी एकच काय ते द्या. म्हणून म्हटलं, महिन्यातून एकदा करू या. तिच्याच भल्याचं आहे.

आणि ती नाडी. तिने खरंच माझ्यापुढे पाय केला गं. मला कसंतरीच झालं. लेकराच्या पायाला दोरी बांधायची म्हणजे गुरासारखं झालं. हे इथे कुणाला कळायला नको, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. तूही सांगत जाऊ नकोस.

आकाशरावांना आशीर्वाद.

तुझी,
बेबाअक्का

धुळे
६ ऑगस्ट २०२४

प्रिय अक्का,
जय भीम.

ती "पाणी" म्हणाली हे वाचून आकाश तुझं पत्र घेऊन गल्लीत गेला आणि शेजारच्या सबाला वाचायला लावलं. आनंद झाला. आधी हे लिहिते, कारण पुढचं वाचून तू तोंड वाकडं करणार आहेस.

हातवारे हा शब्द परत लिहू नकोस. हातवारे माणसं भांडताना करतात. साक्षी बोलते. तिला दोन भाषा येतात, तुला एक येते, एवढाच फरक आहे.

तुला माझ्या शाळेचं कधी सांगितलं नाही. आमच्या वर्गाच्या बाई आता हयात नाहीत, म्हणून नाव लिहीत नाही. वर्गात आम्हाला हातांवर बसवायचे. दोन्ही तळवे मांडीखाली, समोर आरसा. बाई माझं बोट स्वतःच्या गळ्याला लावायच्या, म्हण प, म्हण ब. एक "पपई" नीट म्हणायला मला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मी गणित शिकले असते. खरी भाषा आम्ही मधल्या सुट्टीत पाण्याच्या हौदामागे शिकलो, मोठ्या मुलींकडून. एकजण पहाऱ्याला उभी असायची आणि बाई दिसल्या की पाय आपटायची.

दहावी होऊन घरी आले तेव्हा मी मायला तोंडाने "माय" म्हटलं. माय रडली. दारात शेजारची बाई उभी होती, ती हसली. मी दोघींचे चेहरे बघितले. त्यानंतर मी तोंड वापरलं नाही, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी बहिरी आहे. मुकी नाही. या दोन शब्दांत गल्लत करणाऱ्याला मी पाणीसुद्धा विचारत नाही.

तर कॉल दर रविवारीच. आणि २९ सप्टेंबरला आमचा मेळावा आहे. साक्रीहून, शिरपूरहून, नंदुरबारहून माणसं येतात. साक्षी मंचावर आमची ओळख करून देणार आहे, हाताने आणि तोंडाने, दोन्ही. शकीलभाईंनी तिचं नाव कार्यक्रमात घातलंय. तिच्यासारखी दोन्ही भाषा येणारी मुलं आमच्यात थोडी असतात, आणि दवाखान्यात, कचेरीत तीच आमच्या शेजारी उभी राहतात. तू तिला घेऊन ये. तुझ्यासाठी पुढची खुर्ची ठेवते.

तुझी,
शिल्पा

पिंप्राळा, जळगाव
४ ऑक्टोबर २०२४

चि. शिल्पास,
आशीर्वाद.

मेळाव्याला येता आलं नाही, तू मनाला लावून घेतलं असशील. साक्षीला शनिवारपासून ताप होता, एकशे दोन. अशा पोरीला बसमध्ये कसं घालणार? भाऊजी म्हणाले, पुढच्या वर्षी जाऊ.

मेळावा चांगला झाला असेल. पण तुला एक विचारू? तू लिहिलंस, दवाखान्यात आणि कचेरीत तीच उभी राहतात. म्हणजे ती शिकायच्या वयात तुमच्यामागे फिरणार का? साहेब काय म्हणाले ते आईला सांग, आई काय म्हणते ते साहेबाला सांग. मी तुझ्यासाठी ते केलंय, शिल्पा, म्हणून मला माहीत आहे. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, सगळीकडे. माझं बालपण त्यातच गेलं. कुणी मला विचारलं नव्हतं, तुला हे करायचंय का.

असो. आनंदाची बातमी म्हणजे साक्षीचं पाठांतर फार छान आहे. रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये मुलांची स्पर्धा झाली, तिने अख्खी कविता न चुकता म्हटली आणि पहिली आली. फोटो पाठवते. आधी म्हणताना हात फार हलायचे. मग बाईंनी सवय लावली, बोलायच्या आधी हाताची घडी. घरीही मी तेच ठेवलंय. हाताची घडी, तोंडावर बोट म्हटलं की शहाण्यासारखी उभी राहते आणि मग बोट काढून बोलते. आता सांगावंही लागत नाही, आपली आपण घालते.

तुझी,
बेबाअक्का

धुळे
१४ जानेवारी २०२५

अक्का,

जय भीम लिहिते, कारण मायने शिकवलंय. बाकी आज नमस्कार-बिमस्कार काही नाही.

तुझ्या ऑक्टोबरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. रविवारी कविता म्हणून पहिली आली असं तू लिहिलंस, आणि वरच्याच पानावर तिला त्याच रविवारी ताप होता. मी ते पान चार वेळा वाचलं. मंचावर तिच्यासाठी लहान स्टूल ठेवलं होतं, ते दिवसभर तसंच राहिलं. सकाळी मोबाईलवर तुझा निरोप आला तसं मी सगळ्यांना सांगितलं होतं, ताप आहे. मी तुझं खोटं माझ्या हातांनी चाळीस माणसांना सांगितलं.

शनिवारी बालवाडीच्या स्नेहसंमेलनाला आम्ही आलो ते तू बोलावलंस म्हणून नाही. बाईंनी मोबाईलवर पत्रिका टाकली होती, ती बघून आलो. मागच्या रांगेत बसलो. साक्षी फुलपाखरू झाली होती. तिचं झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही आमच्या पद्धतीने उभं राहून हात वर केले आणि पंजे हलवले. लोक वळून बघायला लागले. साक्षीनेही बघितलं. तिने आम्हाला ओळखलं, हे मी शपथेवर सांगते. ओळखलं आणि दोन्ही हात छातीशी घेऊन घडी घातली.

मग ती तुझ्याकडे धावली आणि काहीतरी म्हणाली. मला ऐकायची गरज नव्हती. आधी तोंड उघडतं, मग ओठ बाजूला ताणतात. "आई" हा ओठांवर वाचायला सगळ्यात सोपा शब्द आहे. शाळेतल्या आरशाने मला एवढं तरी शिकवलं.

तुझ्या घरी तू चहा ठेवायला गेलीस तेव्हा मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. गालावर बोट टेकवलं, तिचं नाव घेतलं. ती भाऊजींकडे बघायला लागली, करू का नको म्हणून. भाऊजी पेपर वाचत होते. तिने घडी सोडली नाही. घरात मुकी कोण होती ते मला तेव्हा कळलं, आणि ती मी नव्हते.

तुझ्यावर चिडून माझं भागत नाही, अक्का. मी स्वतः तिला तुझ्या दारात आणून सोडलं. वर्षानुवर्षं मंचावर सांगत आले, आमची भाषा, आमचा मान. आणि मनात मात्र शाळेतल्या त्या बाईंचंच खरं मानत होते, तोंडाने बोलेल तोच माणूस. दहा वर्षं हातांवर बसलेली मी माझ्याच मुलीला दुसऱ्याकडे हातांवर बसवायला देऊन आले. याची मला झोपेत सुद्धा लाज वाटते.

जूनची वाट बघणार नाही. केव्हा आणतेस ते कळव.

शिल्पा

पिंप्राळा, जळगाव
१६ मार्च २०२५

शिल्पा,

दोन महिने मी लिहिलं नाही कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायची हिंमत नव्हती. आज लिहिते.

हो, ती मला आई म्हणते. मी शिकवलं नाही. बालवाडी सुटताना बाकीची मुलं आई आई करत धावतात, तशी एक दिवस तीही धावत आली. मी थांबवायला पाहिजे होतं, पण मी तिला उचलून घेतलं. वीस वर्षं मी त्या हाकेची वाट बघितलेली आहे.

तुला सगळं सोपं आहे, तू ऐकत नाहीस. मी ऐकलंय. असोद्याला शाळेत जाताना पोरं मागून बँ बँ करायची, मुकीची बहीण चालली म्हणायची. मला बघायला आलेल्या चार स्थळांनी विचारलं, घरात अजून कुणी असं आहे का? मूल होईना तेव्हा सासू म्हणाली, एका अर्थी बरंच झालं, त्या घरातलं रक्त आपल्यात नको. तू यातलं काहीच ऐकलं नाहीस. तुझ्या वाट्याचंही मीच ऐकलं. तू मानाने जगतेस, मेळावे घेतेस, घे. माझ्या वाट्याला तो मान कुणी दिला नाही.

आता माझ्याकडे एक लेकरू आहे ज्याला कुणी बँ करत नाही. तिच्यासाठी मी हात बांधले असतील तर बांधले.

आणखी एक सांगायचंय, दुसऱ्याकडून कळण्याआधी. जूनपासूनच्या शाळेचा फॉर्म भरला. आईच्या रकान्यात माझं नाव घातलंय. मुख्याध्यापकांपुढे सगळं सांगत बसायला नको म्हणून. कागदावर नाव असल्याने कुणी आई होत नाही, मला माहीत आहे. तू रागावशील. रागाव.

बेबाअक्का

धुळे
१ एप्रिल २०२५

अक्का,

१४ तारखेला जयंतीला मी आणि आकाश असोद्याला मायकडे येतो. साक्षीचे कपडे बांधून आण. तिच्यासमोर तमाशा नको. तो फॉर्म फाडून टाक, किंवा जपून ठेव, पण शाळेत देऊ नकोस.

शिल्पा

पिंप्राळा, जळगाव
११ मे २०२५

शिल्पा,
आशीर्वाद.

कपडे मी बांधून आणले नव्हते. मला वाटलं होतं, मायसमोर, गावासमोर तू ऐकशील. तू मिरवणुकीतून तिला उचललंस आणि आपल्या गावच्या भटूच्या रिक्षात बसलीस. डीजे चालू होता, तरी ती केवढ्याने ओरडली ते सगळ्यांनी ऐकलं. तुला ऐकू आलं नाही. मला आलं, आणि अजून येतं.

माय माझ्याशी बोलत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणते, दोघी बहिणींनी मिळून लेकराचं खेळणं केलं. भाऊजींनी तिची सायकल माळ्यावर टाकली.

ती जेवते का? बोलते का? मला एकदा येऊन बघू दे. पण तुमच्या लोकांची गर्दी नसेल असा दिवस सांग. दार लावून घरातल्या घरात बसू, दोघी बहिणी आणि ती. भाऊजींना मी मायकडे जाते म्हणून सांगेन.

तुझी,
बेबाअक्का

धुळे
३ जून २०२५

प्रिय अक्का,
जय भीम.

तिचं ओरडणं मला ऐकू आलं नाही असं तू लिहिलंस. रिक्षात आणि पुढे बसमध्ये ती माझ्या छातीला लावलेली होती. मला ते बरगड्यांत लागत होतं, धुळ्यापर्यंत.

जेवते. वाढली आहे. बोलते का विचारलंस. बोलते की. खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या माणसांशी बोलते, सबाशी बोलते, भिंतीशी बोलते. आमच्यासमोर आली की घडी. सात आठवडे हे चाललंय. जेवताना एक हात सोडते, घास घेते, हात परत काखेत. आकाश तिच्यासमोर माकड होतो, हत्ती होतो, बॉनेटवर हात ठेवणारा शकीलभाई होतो. ती हसते, पण हात काढत नाही. मी तोंडाने बोलून बघितलं, अक्का. सोळा वर्षांनी. "साक्षी" म्हटलं. ती दचकून मागे सरकली. माझा आवाज तिला आवडला नसणार.

परवा दुपारी मी मशीनवर ब्लाउज शिवत होते. खांद्यावर दोन बोटं टेकली. वळून बघते तर तिने घडी सोडलेली. उजवा हात खांद्याशी नेला, मूठ केली, खाली ओढली. वेणी. मग दोन्ही तळवे वर केले. कुठे?

माझ्या मुलीने वर्षभराने मला हाताने पहिलं वाक्य सांगितलं आणि ते तुझ्याबद्दल होतं. तेही मी तुला ठेवलेल्या नावाने. मी मशीनवर डोकं टेकून रडले. तिला वाटलं, तिने हात काढले म्हणून आई रडते. परत घडी घातली.

म्हणून मी आज मागते आहे. दर रविवारी चार वाजता पांझरा नदीच्या काठी पुलाजवळ चहाच्या टपरीवर आम्ही सगळे जमतो. १५ जूनला तू ये. दार लावून घरात नाही, टपरीवर, सगळ्यांसमोर. तिला माझी परवानगी नको आहे, तुझी हवी आहे. तू हात उचललेस की ती उचलेल. मला येत नाही म्हणू नकोस. मला पहिली भाषा शाळेने दिली नाही, तू दिलीस. केळीच्या बागेत साप निघाला, माय रागावली आहे, लपून बस, या सगळ्या खुणा तुझ्या आहेत. तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस आणि तुला माझी लाज वाटत नव्हती.

तिने तुला आई म्हटलं तरी मी सहन करेन. तेवढं तिला तोंडाने म्हणू दे, पण तिचे हात सोड.

मी तिला सांगितलंय, वेणी येणार.

तुझी,
शिल्पा

पिंप्राळा, जळगाव
१७ जून २०२५

शिल्पा,

मी आले होते.

साडेचारला रिक्षातून पुलाजवळ उतरले. तुम्ही समोर दिसत होतात, तीस-चाळीस माणसं, सगळ्यांचे हात चाललेले. साक्षी तुझ्या मांडीवर होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये. मध्ये फक्त रस्ता होता. मी रसाच्या गाडीपाशी थांबले. हात उचलायचे म्हणून मनात सगळं म्हणून बघितलं, साप, माय, लपून बस. सगळं आठवत होतं गं.

शेजारी दोन माणसं रस पीत उभी होती. त्यातला एक तुमच्याकडे बघून म्हणाला, मुक्यांची जत्रा भरलीये. आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, शिल्पा. तोंडदेखलं, त्या अनोळखी माणसासाठी. का हसले ते मला विचारू नकोस. हसल्यावर मग रस्ता ओलांडता येईना. थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि परतीची बस धरली.

साक्षीला सांग, मावशीला बरं नव्हतं. चार फ्रॉक शिवलेत, भटूबरोबर पाठवते.

बेबा

धुळे
२५ जून २०२५

बेबाअक्का,
जय भीम.

फ्रॉक मिळाले. दोन होतात, दोन आखूड आहेत.

तुझं पत्र वाचलं तेव्हा रविवारचं कळलं. साक्षी माझ्या मांडीवरून उतरली होती आणि रस्त्याकडे बघून वेणीची खूण करत होती, परत परत. मी बघितलं तेव्हा मध्ये ट्रक होता, पलीकडे कुणी दिसलं नाही. मी तिला म्हटलं, नाही आली. ती ऐकेना. मला वाटलं, पोर वाट बघून बघून थकली, तिला भास होतोय. म्हणजे तिने तुला बघितलं होतं आणि मी तिला चारचौघांत खोटं पाडलं. काल मी तिची माफी मागितली. तुला बरं नव्हतं असं मी तिला सांगितलेलं नाही. तुझं आणखी एक खोटं माझ्या हातांनी सांगायचं नाही असं मी ठरवलंय.

त्या रविवारी पुढे काय झालं ते तुला माहीत नाही, तू बसमध्ये होतीस. शकीलभाईंनी तिला विचारलं, कोण होतं? तिने थोडा विचार केला. या वेळी वेणी ओढली नाही. पाय जुळवून ताठ उभी राहिली, दोन्ही हात छातीशी घेतले आणि घडी घातली. मग रस्त्यापलीकडे रसाच्या गाडीकडे बोट केलं. मला तेव्हा अर्थ लागला नाही. आता कळतं, तू तिथे तशीच उभी होतीस.

शकीलभाईंनी तीच घडी घालून सगळ्यांना दाखवली, ती, समोर उभी होती ती. सगळ्यांनी मान हलवली. आमच्यात नाव कसं ठरतं ते तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. साक्षीने ठेवलेलं हे पहिलं नाव. मी पहिलं ठेवलं तेही तुझंच होतं.

मला अडवता आलं असतं. मी एकटीने मान हलवली नसती तरी ते लांबलं असतं. पण नाव ठेवल्यावर तिने घडी सोडली आणि आकाशकडे भजी मागितली, हाताने. त्यानंतर तिचे हात थांबलेले नाहीत. आता ती घडी फक्त तुझं नाव घ्यायला घालते. शाळेचा फॉर्म मी इथे भरला, आईच्या रकान्यात शिल्पा लिहिलं आणि तिने शेजारी बसून बघितलं.

अठ्ठावीस वर्षं मी तुझी वेणी धरून होते, तू केस कापल्यावरही. त्या रविवारी मीही मान हलवली.

कधी आलीस तर टपरीवर कुणाला पत्ता विचारत बसू नकोस. तशीच हाताची घडी घालून उभी राहा, सगळे ओळखतील.

शिल्पा